काकूंच्या कॉलेजचा पत्ता

मालकांनी ती चिठ्ठी काकूंच्या हातात दिली सोमवारी दुपारी, आणि संध्याकाळी ती टेपकाकांच्या हाती लागली. ही दुसरी गोष्ट टळली असती तर एका अख्ख्या गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं नसतं.

टेपकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या रस्ते विभागात ते नकाशे काढत, आणि खिशात कायम पाच मीटरची टेप बाळगत. कुणाकडे चहाला गेले तरी सोफ्याची लांबी मोजत, मग दाराची रुंदी मोजत, आणि हा सोफा या दारातून आत आलाच कसा असं यजमानांना विचारत. इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव टेपकाका ठेवलं, ते मोठ्यांनीही उचललं. काका आधी चिडले, मग चिडल्यासारखं दाखवू लागले, आणि आता तर पत्रपेटीवरही तेच नाव होतं.

काकू एका मोठ्या लाँड्रीत होत्या. तीन हॉस्पिटलं आणि डझनभर हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे तिथे यायचे. अठरा वर्षांपूर्वी त्या घड्या घालायच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, आणि आता दिवसपाळीच्या सत्तर बायका त्यांच्या एका भुवईवर चालत. मालक दुसरा कारखाना काढत होते आणि त्याच्या मॅनेजर काकूच व्हाव्यात असं त्यांच्या मनात होतं. "माणसं तुम्ही सांभाळता, यंत्रं तुम्ही सांभाळता, मलाही तुम्हीच सांभाळता," ते म्हणाले होते. "फक्त एक कागद हवा. दोन वर्षांचा मॅनेजमेंटचा कोर्स करा. शनिवार-रविवार. खर्च कंपनीचा." चिठ्ठीवर तीन बिझनेस स्कूलची नावं होती. तिन्हींची पुस्तकं तीच, परीक्षा तीच, पदवीही एकाच विद्यापीठाची. फरक फक्त पत्त्याचा. कुठलं ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

फरक फक्त पत्त्याचा! हे वाक्य ऐकलं आणि काकांनी हातातला चहा खाली ठेवला. तीस वर्षं ज्या प्रश्नासाठी त्यांनी नकाशे काढले, तो प्रश्न चालत घरात आला होता.

"हे माझ्यावर सोड," ते म्हणाले.

"अहो, त्यात एवढं काय आहे? मी बघते ना..."

"अगं, हा स्थाननिश्चितीचा विषय आहे. यात भावनेला जागा नाही."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि कुकरची शिटी झाली म्हणून त्या आत गेल्या. गप्प बसण्याला काकांनी नेहमीप्रमाणे संमती मानलं.

तीन माहितीपुस्तिका टेबलावर मांडल्या गेल्या. पहिलं स्कूल 'शहराच्या हृदयात' होतं, म्हणजे त्यांच्याच घरामागच्या बाजारगल्लीत, पडद्यांच्या दुकानाच्या डोक्यावर. दुसरं 'उद्योगविश्वाच्या उंबरठ्यावर', म्हणजे नव्या काचेच्या इमारतींच्या भागात. तिसरं 'निसर्गाच्या कुशीत', म्हणजे गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी, बसचा अगदी शेवटचा थांबा, जायला दीड तास आणि यायला दीड तास. निसर्गाची कूस नेहमी एवढी लांब का असते, असा प्रश्न काकांनी वहीच्या समासात टिपून ठेवला.

मग सल्ले आले. इमारतीत एखाद्याला शिंक आली तर औषध सांगायला चार माणसं जिन्यात उभी असत. इथे तर शिक्षणाचा विषय होता. वरच्या मजल्यावरचे जागांचे एजंट सोफ्यावर बसले (तो सोफा दारातून सहज गेला असता, काकांनी आधीच पाहिलं होतं).

"काका, माणूस घर घेताना घर बघतो का? आजूबाजू बघतो! काचेच्या इमारतींत घाला वहिनींना. खाली उतरलं की बँक, वर चढलं की कंपनी. लिफ्टमध्ये ओळखी होतात. बिझनेस काय वर्गात शिकतात होय? लिफ्टमध्ये शिकतात!"

खालच्या मजल्यावर निवृत्त बँक मॅनेजर राहत. एजंटांनी काय सांगितलं हे कळल्याशिवाय स्वतःचं मत बनवायची त्यांना सवय नव्हती. कळताच ते वर आले.

"शनिवार-रविवारी त्या काचेच्या इमारती बंद असतात. वहिनींना लिफ्टमध्ये भेटणार कोण? वॉचमन. आणि लिफ्टही बंद असते, म्हणजे तोही जिन्यात भेटणार."

काकांनी दोन्ही मतं तक्त्यात घातली. तक्ता शंभर गुणांचा होता. परिसर दहा, उद्योगांची जवळीक पंधरा, शांतता दहा, असं करत करत 'घरापासूनचं अंतर' या रकान्यापुढे त्यांनी पन्नास लिहिलं.

"बाबा, पन्नास?" लेकीने खांद्यावरून डोकावत विचारलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरात खवचटपणाचं खातं तिच्याकडे होतं. "मग बाकीच्यांना कशाला त्रास दिलात? पहिलं स्कूल स्पर्धेआधीच जिंकलं की."

"अंतर हा वस्तुनिष्ठ घटक आहे," काका म्हणाले.

वस्तुस्थिती अशी होती की शनिवार-रविवार काकू घरात नसणार हे काकांना सोमवारी रात्रीच उमगलं होतं. या घराच्या प्रत्येक भिंतीची लांबी त्यांना तोंडपाठ होती. साखर कुठल्या डब्यात असते ते मात्र माहीत नव्हतं. पहिलं स्कूल बारा मिनिटांवर. दुपारची सुट्टी तासाची. जायला बारा, यायला बारा, मधे उरली छत्तीस. छत्तीस मिनिटांत गॅसपाशी काय काय होऊ शकतं याचा त्यांनी सखोल विचार केला होता. तो त्यांनी तक्त्यात घातला नव्हता, इतकंच.

पण ती बारा मिनिटं म्हणजे अंदाज झाला, आणि काकांच्या खात्यात अंदाजाला किंमत नव्हती. बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कार्यालयातलं मोजणीचं चाक मागायला ते भांडारात गेले. लांब दांड्याचं एक चाक, ढकलत चाललं की वरचा काटा मीटर दाखवतो. भांडारपालांनी नोंदवही उघडली.

"कामाचं नाव?"

काका खोटं बोलू शकत नसत. हा त्यांचा गुण होता, आणि पुढे तो पुरेसा महागात पडला. "अंतर मोजणे," ते म्हणाले.

"कुणाच्या आदेशाने?"

"घरच्या."

भांडारपालांनी 'वरिष्ठांच्या' असं लिहिलं, कारण त्या रकान्यात एवढंच बसत होतं. मग त्यांनी एक नारिंगी जाकीट काढलं. "चाक नेणाऱ्याने हे घालायचं. नियम आहे."

"पण मी खाजगी..."

"चाक खाजगी आहे का? नाही ना? मग घाला."

अशा रीतीने बुधवारी साडेअकरा वाजता, नारिंगी जाकीट घालून, सरकारी चाक ढकलत, दर पन्नास मीटरला थांबून वहीत आकडे लिहीत टेपकाका बाजारगल्लीत शिरले. वाटेतल्या पायऱ्या, चढ, रस्त्यावर आलेल्या वस्तू असं सगळं ते टिपत होते, कारण काकूंच्या चालीवर या सगळ्याचा परिणाम होणार होता. टेलरच्या दुकानाची पायरी रस्त्यात चार फूट आली होती. काका तिथे थांबले, टेप काढली, पायरी मोजली आणि खेदाने मान हलवली.

शिवणयंत्राचा आवाज थांबला. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला. समोरचा किल्लीवाला टपरीतून वाकून बघू लागला.

"साहेब," टेलरने हलक्या आवाजात विचारलं, "किती जाणार?"

काका हिशेबात बुडालेले होते. जायला किती मिनिटं लागणार हे या भल्या माणसाला कसं कळलं, याचं त्यांना क्षणभर नवल वाटलं, पण शिकायला निघालेल्या बाईबद्दल गल्लीत बोलणं होतच असणार. "बारा," ते म्हणाले.

"बारा!" टेलरने दाराची चौकट धरली. त्याचं दुकानच मुळी चौदा फुटांचं होतं.

"फार तर तेरा."

"काही कमी नाही का होणार?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

"दहावर आणता येईल. पण फार घाई होईल, आणि त्यात कुणाचं तरी हाडबीड मोडायचं. मी तर बाराच धरून चाललोय."

"साहेब, काहीतरी करा. तुमच्या हातात आहे."

"माझ्या हातात काय आहे?" काका हसले. "मी आपला मोजून देणार. शेवटी सगळं माझ्या बायकोवर आहे."

टेलरने आणि झेरॉक्सवाल्याने एकमेकांकडे पाहिलं. नगरपालिकेचा कारभार कसा चालतो याबद्दल लोकांच्या मनात शंका होत्याच, पण इतक्या उघडपणे त्या कुणी दूर केल्या नव्हत्या.

"मग बाईंना भेटता येईल का?" टेलरने विचारलं.

एका बाईच्या शिक्षणाबद्दल गल्लीतल्या कष्टाच्या माणसांना इतकी आस्था आहे हे बघून काकांना भरून आलं. "जरूर या! मागच्या पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, तिसरा मजला. सहानंतर ती घरीच असते. सगळेच या." आणि पडद्यांच्या दुकानदाराने पुढे केलेलं थंड सरबत पिऊन, तोंड पुसून, ते समाधानाने कार्यालयात परतले. काट्यावर नऊशे चाळीस मीटर आले होते. बारा मिनिटं, बरोबर.

साडेतीन वाजता मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं.

"बाजारगल्लीचं रुंदीकरण कोण करतंय?"

"कुणीच नाही, सर."

"मग दुपारपासून मला अठरा फोन कसे आले? नगरसेवक म्हणतो मला विचारलं नाही. दुसरा म्हणतो माझ्यामुळेच होतंय, फलकावर माझं नाव टाका. आणि दोन्ही बाजूंनी बारा फूट जाणार हे नक्की कुणी केलं? मूळ गल्लीच अठरा फुटांची आहे!"

 काकांनी सगळं खरं खरं सांगितलं. साहेबांनी पुन्हा वाजू लागलेला फोन उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लेखी खुलासा द्या."

तीस वर्षांत काकांकडे कुणी खुलासा मागितला नव्हता. त्यांनी तो लिहिला. आवक-जावक कारकुनाने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि विषयाच्या जागी काय लिहायचं ते विचारलं. 'पत्नीचे चालणे' असा विषय वर्गीकरणात नव्हता. शेवटी तो 'किरकोळ दुरुस्ती' या फाइलमध्ये गेला. अपमान म्हणजे काय ते काकांना त्या दिवशी कळलं.

ते घरी पोहोचले तेव्हा जिना चपलांनी भरला होता. आत अकरा माणसं उभी होती आणि मधोमध काकू, खांद्यावरची पिशवीही न उतरवता, एक कागद वाचत होत्या. कागदावर 'माननीय बाईसाहेब' अशी सुरुवात होती, खाली चौतीस सह्या होत्या, आणि झेरॉक्सवाल्याने त्याच्या वीस प्रती काढून आणल्या होत्या.

"आले बघा साहेब!" टेलर म्हणाला. "साहेबांनीच सांगितलं, सगळं तुमच्यावर आहे."

काकूंनी मान वर केली. "अहो, आज दुपारी कुठे गेला होतात?"

काकांनी जाकिटाचं बटण सोडायचा प्रयत्न केला. ते जाकीट अजून अंगातच होतं हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

एकदम सगळे बोलायला लागले. काकूंनी हात वर केला. आवाज चढवला नाही, नुसता हात वर केला, आणि खोली गप्प झाली. सत्तर बायका आणि चौदा यंत्रं एका वेळी गप्प करणाऱ्या माणसाला अकरा दुकानदार म्हणजे काय? "सगळे बसा. खुर्ची नसेल त्याने खाली बसा. एकेक जण बोला. आधी तुम्ही."

टेलरने सांगितलं. झेरॉक्सवाल्याने सांगितलं. पाचव्या मिनिटाला काकूंना उलगडा झाला, ते त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यावरून काकांना दिसलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्या गल्लीला कुणी हात लावत नाहीये. मी शिकायला जाणार आहे, आणि यांच्या मनात तुमच्या गल्लीतलं, पडद्यांच्या दुकानावरचं स्कूल आहे. तिथे चालत जायला मला किती मिनिटं लागतील, ते हे मोजत होते."

"म्हणजे बारा फूट नाही?"

"बारा मिनिटं."

अकरा माणसांनी आळीपाळीने काकांकडे पाहिलं. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं काकांना वाटलं, पण तिसऱ्या मजल्यावर ती सोय नव्हती.

"पण बाई," टेलर रडवेल्या आवाजात म्हणाला, "आपणहून सहकार्य केलं तर कमी कापतील म्हणून मी दुपारीच पायरी फोडली!"

"मी टपरी उचलून बहिणीच्या अंगणात नेऊन ठेवली," किल्लीवाला म्हणाला. "तिच्याशी आठ वर्षं बोलणं नव्हतं. आता ती म्हणते, राहू दे इथेच."

कोपऱ्यातून एक सुटातले गृहस्थ उठले. ते त्या बिझनेस स्कूलचे संचालक होते, आणि स्कूलचा जिना पहिल्या चार फुटांतच असल्यामुळे तेही मोर्च्यात सामील झाले होते. "बाई, तुम्ही ज्या पद्धतीने ही बैठक हाताळलीत... आमच्याकडे याच्यावर एक अख्खं प्रकरण आहे. तुम्ही विद्यार्थिनी म्हणून या, नाहीतर शिकवायला या."

काकू हसल्या. लेकीने सगळ्यांना चहा केला. साखरेचा डबा तिलाही पहिल्याच झटक्यात सापडला, हे काकांनी खिन्नपणे नोंदलं.

गुरुवारी सकाळी काका टेलरकडे गेले आणि दोघांनी मिळून सिमेंट कालवून नवी पायरी घातली. ती रस्त्यात दोनच फूट येते, आणि काकांच्या मते त्या गल्लीतलं एकमेव सरळ काम तेच आहे. दुपारी खुलासा परत आला. त्यावर साहेबांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'यापुढे पत्नीविषयक मोजमापे खाजगी साधनांनी करावीत.'

संध्याकाळी काकू पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काका दारात उभे राहिले.

"मी त्या गल्लीत तुझं हसं करून ठेवलं. आता काचेच्या इमारतींचंच बघावं लागेल. उद्या शुक्रवार."

"त्याची गरज नाही." काकूंनी चादरीचं टोक हनुवटीखाली धरलं. "मालकांना मी मंगळवारी सकाळीच सांगितलं. डोंगराखालचं."

काका पलंगावर बसले. "मंगळवारी? मग मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तुम्ही मला गुण वाचून दाखवलेत. आणि इतके खुशीत होतात, म्हटलं चालू दे."

"पण दीड तास! जायला दीड, यायला दीड! तिथे असं काय आहे? निसर्ग?"

"निसर्ग कुणाला बघायचाय." चादरीची घडी पडली, त्यावर दुसरी पडली. "आपल्या कोपऱ्यावरून ती बस सुटते. पहिला थांबा आपला, शेवटचा त्यांचा. म्हणजे खिडकीची जागा नक्की. अठरा वर्षं मी उभी आहे हो. तिथे यंत्रापुढे, इथे गॅसपुढे. जाताना दीड तास मला कुणी हाक मारणार नाही, येताना दीड तास मारणार नाही. वाचेन, नाहीतर झोपेन. तीन तास नुसतं बसायला देणारं दुसरं कुठलं कॉलेज होतं तुमच्या तक्त्यात?"

काकांना आपला तक्ता आठवला. तक्त्यात त्यांनी 'शांतता'ला दहा गुण दिले होते, पण ते इमारतीच्या शांततेचे.

"आणि बारा मिनिटांवर असतं," काकू म्हणाल्या, "तर मी दुपारी घरी आले असते."

"आली असतीस ना!"

"तेच."

काकांनी हळूच एक उशीचा अभ्रा उचलला आणि त्याची घडी घातली. ती वाकडी झाली. काकूंनी ती तशीच गठ्ठ्यावर ठेवली.

पहिल्या शनिवारी काका बरोबर निघाले. रस्ता एकदा डोळ्याखालून घालतो, म्हणाले. काकूंनी एकाच अटीवर होकार दिला, की त्यांनी दोन रांगा सोडून मागे बसायचं आणि बोलायचं नाही. सव्वासातला बस सुटली तेव्हा ती जवळजवळ रिकामी होती. काकूंनी खिडकी पकडली, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली, पायातल्या चपला सरकवल्या आणि नवीकोरी वही उघडली. तिसऱ्या थांब्याला वही मिटली. पाचव्या थांब्याला त्यांचं डोकं काचेला टेकलं. मागच्या बाजूने काकांना त्यांचा अंबाडा आणि एक कान दिसत होता, आणि आपण हिला झोपलेली दिवसाउजेडी शेवटची कधी पाहिली हे आठवायचा ते प्रयत्न करत होते. काही केल्या आठवेना.

नवव्या थांब्याला बस भरली. हातात भलामोठा खोका घेतलेली एक बाई गर्दीतून वाट काढत काकूंच्या रांगेपर्यंत आली. सगळ्या बसमध्ये तेवढी एकच जागा उरली होती, पिशवीची. बाईने झोपलेल्या काकूंना हलवायला हात पुढे केला.

"अहो ताई! ताई!" काका ताडकन उठले. "इकडे या, इकडे बसा."

"अहो, पण इथे आहे की जागा. नुसती पिशवी तर आहे."

"ती पिशवी..." काका खोटं बोलू शकत नसत. त्यांनी एकदा झोपलेल्या काकूंकडे पाहिलं. "ती पिशवी फार महत्त्वाची आहे. तुम्ही माझ्या जागेवर बसा. मी पुढच्याच थांब्याला उतरतोय."

पुढचा थांबा आला आणि गेला. त्याच्यापुढचाही गेला. खोकेवाली बाई काकांकडे संशयाने बघू लागली, कंडक्टरने दोनदा विचारलं, पण काका दांडी धरून काकूंच्या रांगेशी पाय रोवून उभे होते, आणि कुणी त्या पिशवीकडे नजर टाकली की तेवढे पुढे सरकून आड येत होते. वळणावर बस हेलकावली, कुणाची तरी छत्री त्यांच्या बरगडीत शिरली, एक शाळकरी मुलगी त्यांच्या बुटावर उभी राहिली. पंचावन्न मिनिटं.

शेवटच्या थांब्यावर काकूंनी डोळे उघडले. गालावर काचेच्या कडेचा वळ उमटला होता. त्यांनी चपला पायात सरकवल्या, पिशवी उचलली, वर पाहिलं आणि चकित झाल्या.

"अगंबाई! तुम्ही उभे? जागा नव्हती का?"

"होती," काका म्हणाले, आणि दुखरी कंबर सरळ करत त्यांनी काकूंना उतरायला वाट करून दिली. "पण म्हटलं, जरा पाय मोकळे करावेत."